चवदार तळे ते चांग गेट

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाची संहिता)



व्याख्यानमालेच्या समितीने मला प्रथम ‘राजस्थानातील मराठी माणूस’ हा विषय सुचवला होता. त्या विषयावर ह्याच व्यासपीठावरून आजवर इतके बोलले गेले आहे, की मी नवे काही सांगू शकेन असे मला वाटेना. मी वक्ता नव्हे. उभे आयुष्य टिपण्या लिहिण्यात आणि दुसऱ्यांनी लिहिलेल्या टिपण्यांवर शेरे मारण्यात गेले. बी. ए. झालो तोही इतिहास घेऊन, आणि तो इतिहास परीक्षेपुरताच. तेव्हा माझ्या बोलण्यात कुठे कार्यालयीन वास आला, तर तो आपण सहन करावा, एवढीच प्रार्थना.

मी दोन ठिकाणांविषयी बोलणार आहे. एक आहे माझ्या आजोळचे महाड. दुसरे येथून अजमेरच्या वाटेने पुढे गेल्यावर लागणारे ब्यावर. एका ठिकाणी पाण्यासाठी माणसे जमली, दुसऱ्या ठिकाणी कागदासाठी. ह्या दोन घटनांत जवळजवळ सत्तर वर्षांचे अंतर आहे, आणि दोन्हींत माणसांनी शस्त्र उचलले नाही. मला कुतूहल आहे ते एवढ्याचेच, की अशी गोष्ट जुळवून कशी आणतात? आपण मंडळाचा गणेशोत्सव करतो तेव्हा मांडव, पाणी, पंगत आणि पोलिसांची परवानगी ह्या चार गोष्टींनी कार्यवाहांची झोप उडालेली असते. मग ज्यांना गावात कोणी पाणीही देत नव्हते, त्यांनी हजारोंची परिषद कशी भरवली असेल?

महाडची हकीकत आपण सर्वांनी शाळेत चार ओळींत वाचलेली आहे. डॉ. आंबेडकर तळ्यावर गेले, पाणी प्याले, सत्याग्रह झाला. त्या चार ओळींच्या मागे चार वर्षे आहेत, हे शाळेत कोणी सांगितले नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या विधिमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले ह्यांनी ठराव मांडला, की सरकारी खर्चाने बांधलेली वा चालवलेली पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, कचेऱ्या अस्पृश्यांना मोकळी असावीत. ठराव संमत झाला आणि सप्टेंबरात सरकारने तो खातेप्रमुखांकडे अंमलबजावणीसाठी धाडला. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये आपले तळे सर्वांना खुले असल्याचा ठरावही केला. म्हणजे कागद पूर्ण होता. फक्त त्या कागदाप्रमाणे तळ्याच्या पायऱ्या उतरायला कोणी धजत नव्हते. आपल्यापैकी जे सरकारी नोकरीत आहेत त्यांना ही स्थिती चांगलीच परिचयाची वाटेल.

रामचंद्र बाबाजी मोरे हा महाडकडचाच तरुण. त्याच्या मनात ह्या परिषदेची कल्पना बरेच दिवस घोळत होती. त्याला साथ मिळाली ती अनंतराव चित्रे, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे आणि नगरपालिकेचे सुरेंद्रनाथ उर्फ सुरबानाना टिपणीस ह्यांची. ही नावे मी मुद्दाम घेतो. चित्रे आणि टिपणीस कायस्थ, सहस्रबुद्धे चित्पावन. ज्यांना तळे आधीपासूनच मोकळे होते अशी ही माणसे. त्यांना ह्यातून मिळण्यासारखे काही नव्हते, गमावण्यासारखे मात्र पुष्कळ होते. १९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. आलेल्या माणसांना प्यायला पाणी हवे, आणि गावातले पाणवठे तर बंद. तेव्हा परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घेण्यात आले. १९२७ चे चाळीस रुपये! त्या पैशांत एखाद्या कुटुंबाचा महिनाभराचा संसार आरामात झाला असता. ज्या गावात तळे भरलेले होते, त्या गावात हे पाणी विकत घेतले गेले. मी ज्या ज्या वेळी ही नोंद वाचतो त्या त्या वेळी थबकतो.

दुसऱ्या दिवशी आभारप्रदर्शनाच्या वेळी अनंतराव चित्रे ह्यांनी सुचवले, की नगरपालिकेने जो हक्क मान्य केला आहे तो बजावल्यावाचून परिषद पुरी होत नाही. मग सारे प्रतिनिधी शिस्तीने रांगा करून बाजारपेठेतून तळ्यावर गेले. डॉ. आंबेडकर, तेव्हा त्यांना छत्तिसावे वर्ष चालू होते, पायऱ्या उतरले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यांच्यामागून बाकीचे. एवढेच झाले. मिरवणूक परत मांडवात आली.

पुढचा प्रसंग संयमाची कसोटी पाहणारा होता. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी कंडी गावात पिकली. जमाव लाठ्या घेऊन मांडवावर चालून गेला, जेवत असलेल्या माणसांना मारहाण झाली, अन्न मातीत मिसळले. वीसेक माणसे गंभीर जखमी झाली. काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. परिषदेकडेही माणसे थोडी नव्हती, आणि त्यांतले कित्येक पलटणीत नोकरी केलेले होते. एका शब्दाची खोटी होती. तो शब्द डॉ. आंबेडकरांनी उच्चारला नाही. आपल्या लोकांना आवरले आणि प्रकरण न्यायालयात नेले. पुढे जूनमध्ये हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार-चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. परंतु ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला १९२४ चा ठरावच रद्द केला. म्हणजे कागदही गेला!

तळ्याची ‘शुद्धी’ झाली ती एकशे आठ घागरींनी, पंचगव्य घालून. येथे मला आपली एक गोष्ट सांगावी लागणार आहे. माझ्या आईच्या वडिलांचे महाडच्या बाजारात लहानसे दुकान होते. त्या शुद्धीच्या वर्गणीत त्यांनी एक रुपया दिला. हे मला आजीने सांगितले, मी शाळकरी असताना, सुपात तांदूळ निवडता निवडता. सांगताना तिच्या आवाजात ना अभिमान होता ना खेद. ‘सगळ्यांनी दिला, त्यांनीही दिला,’ इतकेच. आजोबा वाईट माणूस नव्हते. कोणाला वजनात फसवले नाही, उधारीसाठी कोणाच्या दारात जाऊन ओरडले नाहीत. पण सगळ्यांनी दिला म्हणून त्यांनीही दिला. मी आजीला पुढे काही विचारले नाही, आणि आज विचारायला ती नाही. त्या काळी शुद्धीच्या विरुद्ध उभे राहणे सोपे नव्हते हे खरे; परंतु टिपणीस आणि चित्रे ह्याच मुलखातले होते, ह्याच बाजारातून जात-येत होते, ही गोष्ट मला आजोबांच्या बाजूने युक्तिवाद करू देत नाही.

डिसेंबरात दुसरी परिषद ठरली. ह्या वेळी हिंदूंपैकी कोणी जागाच देईना. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. बसवाले आयत्या वेळी नकार देतील ह्या भयाने डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने दासगावला उतरले आणि तेथून महाडपर्यंत पायी आले. मांडवात एकच तसबीर होती, महात्मा गांधींची. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले; तो ठराव मांडणारे गृहस्थ सहस्रबुद्धे, हे मी पुन्हा सांगतो. जयपुरात बसून हा उल्लेख करताना आपल्या सर्वांच्या मनात उच्च न्यायालयाच्या आवारातला, १९८९ मध्ये बसवलेला मनूचा पुतळा आला असेल. त्याचा वाद त्याच वर्षी न्यायालयात गेला. मी सरकारी नोकर, न्यायालयापुढे गेलेल्या बाबींवर बोलायचे नाही ही सवय अंगवळणी पडलेली. तेव्हा पुढे जातो.

तर डिसेंबरात खरा पेच निराळाच होता. विरोधकांनी दिवाणी दावा लावून, तळे खासगी मालकीचे आहे असे सांगून, तात्पुरता मनाईहुकूम आणला होता. हजारो माणसे जमलेली. पाणी घ्यायचेच, तुरुंगात जायला तयार आहोत, असा सर्वांचा आग्रह. जिल्हाधिकारी स्वतः परिषदेत येऊन समजावीत होते. पुष्कळ वेळ वादविवाद झाला. अखेर डॉ. आंबेडकरांनी सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव मांडला. जमलेल्या माणसांना तो कडू लागला असणारच. मग सारी परिषद तळ्यापर्यंत गेली, त्याला वळसा घालून, पाण्याला न शिवता परत आली. मला ह्या दोन मिरवणुकांपैकी दुसरी अधिक अवघड वाटते. पहिल्या मिरवणुकीत पाणी तरी प्यायला मिळाले होते!

मनाईहुकूम उठला, दावा मात्र चालत राहिला. महाडच्या न्यायालयाचा निकाल जून १९३१ मध्ये लागला, ठाण्याचे अपील १९३३ मध्ये निकालात निघाले, आणि मुंबई उच्च न्यायालयाने अखेरचा निर्णय दिला तो १७ मार्च १९३७ रोजी. पहिल्या ओंजळीला दहा वर्षे पुरी व्हायला तीन दिवस कमी होते. तळे नगरपालिकेचे आहे आणि अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादी काळापासून चालत आल्याचे सिद्ध झालेले नाही, असे न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड आणि वाडिया ह्यांनी ठरवले. हे ब्रूमफिल्ड तेच, ज्यांनी १९२२ मध्ये अहमदाबादेस गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावली होती. इतिहास कोणाच्या हातून काय करवून घेईल ते सांगता येत नाही. अर्थात तोवर डॉ. आंबेडकरांचे मन पाण्यावरून आणि देवळांवरून पुष्कळ पुढे गेले होते. १९३५ मध्ये येवल्याला त्यांनी आपला निर्धार जाहीर केला होता. नाशिकच्या काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाचा, दादासाहेब गायकवाडांच्या चिकाटीचा विषय मी आज काढत नाही. तो एका संध्याकाळीचा विषय नाही.

आता राजस्थानकडे येतो. आपण येथे नोकरीनिमित्त आलो, कोणी बँकेत, कोणी रेल्वेत, कोणी माझ्यासारखे केंद्र सरकारच्या कचेरीत. दुष्काळी कामे म्हणजे काय हे आपल्याला महाराष्ट्रातून माहीत असते. १९७२ चा दुष्काळ आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेला, रोजगार हमीचा कायदा तिकडे १९७७ मध्ये झालेला, खडी फोडणाऱ्या बायका आणि मुकादमाच्या हातातले मस्टर हे चित्र आपल्या डोळ्यांसमोर असते. राजस्थानात १९६४ चा एक कायदा असा होता, की दुष्काळी कामांना कामगार कायदे लागू करू नयेत. अजमेर जिल्ह्यातल्या एका रस्त्याच्या कामावर दिवसाला सात रुपये हे किमान वेतन असताना मजुरांच्या हातात त्याहून कमी पडत होते. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि जानेवारी १९८३ मध्ये न्यायालयाने म्हटले, की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणे ही वेठबिगारीच होय, मग दुष्काळ असो वा नसो.

न्यायालयाचे शब्द गावापर्यंत पोचले तरी मजुराला पूर्ण पैसे मिळेनात, कारण कागदावर काम कमी दाखवलेले. कागद पाहू म्हणावे, तर तो सरकारी आणि गुप्त. राजसमंद जिल्ह्यात देवडुंगरी नावाचा एक पाडा आहे. तेथे अरुणा रॉय, ज्यांनी १९७५ मध्ये प्रशासकीय सेवेचा राजीनामा दिला होता, निखिल डे आणि शंकर सिंह हे मातीच्या घरात राहून काम करू लागले. १ मे १९९० रोजी भीम येथे मजदूर किसान शक्ती संघटन स्थापन झाले. आणि २ डिसेंबर १९९४ ला पाली जिल्ह्यातल्या कोट किराणा गावात पहिली ‘जनसुनवाई’ झाली. पद्धत इतकी साधी, की तिचे नवल वाटावे. मस्टर आणि पावत्या मिळवायच्या आणि गावासमोर मोठ्याने वाचायच्या. ज्याचे नाव आले त्याने उठून सांगायचे, मी त्या दिवशी कामावर होतो की नव्हतो, मला इतके पैसे मिळाले की नाही. मेलेल्या माणसाचे नाव आले, की गाव हसे आणि मग गप्प होई. मी लेखे तपासण्याच्या कामाशी संबंधित आहे. प्रमाणके तपासणे हा माझा पोटापाण्याचा धंदा. परंतु ज्या माणसाच्या नावे ते प्रमाणक आहे, त्यालाच बोलावून विचारावे, ही युक्ती आमच्या कोणत्याही नियमपुस्तिकेत नव्हती.

५ एप्रिल १९९५ रोजी मुख्यमंत्री भैरोंसिंह शेखावत ह्यांनी विधानसभेत सांगितले, की पंचायतीच्या कामांच्या कागदपत्रांच्या छायाप्रती नागरिकांना मिळतील. वर्ष गेले, आदेश निघाला नाही. (बोले ठराव आणि महाड नगरपालिका आठवा!) तेव्हा ६ एप्रिल १९९६ पासून ब्यावरच्या चांग गेटपाशी धरणे सुरू झाले. ते चाळीस दिवस चालले. उन्हाळा राजस्थानचा, लोकसभेच्या निवडणुका तोंडावर. त्याची व्यवस्था कशी केली हे आपल्या कार्यवाहांनी ऐकण्यासारखे आहे. गावोगावच्या घरांतून धान्य गोळा झाले आणि त्याबरोबर दिवस गोळा झाले. म्हणजे कोणी चार दिवस, कोणी सहा दिवस येऊन बसायचे, मग शेताकडे परत, आणि दुसरी तुकडी हजर. ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर आहे तो चाळीस दिवस बसू शकत नाही, पण चाळीस दिवस कोणी ना कोणी बसलेले असू शकते. भाजीमंडईतले विक्रेते भाजी देत. ब्यावर हे जुने व्यापारी आणि गिरण्यांचे गाव. तेथल्या कामगार संघटनांनी १ मे धरण्यावरच साजरा केला. गाणी होती, कठपुतळ्यांच्या थाटाची नाटुकली होती, पुढाऱ्यांची टर उडवणारी सोंगे होती. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा व्याकरणातही कोणाला चूक काढता येणार नाही अशी.

धरणे सुरू झाले त्याच दिवशी सरकारने एक आदेश काढला. कागद पाहता येतील, परंतु छायाप्रत मिळणार नाही. सुशिक्षित माणसाला ह्यातले अंतर फारसे जाणवत नाही. मलाही जाणवले नव्हते.

चांग गेटनंतर समिती नेमली गेली, आणि समितीनंतर जे होते तेच झाले. मग मे १९९७ मध्ये धरणे जयपुरातच आले, सचिवालयाजवळ, आणि त्रेपन्न दिवस राहिले. आपल्यापैकी जे तेव्हा येथे होते त्यांना आठवत असेल. मी नुकताच बदली होऊन आलो होतो, सायकलवरून कचेरीत जात असे, आणि कचेरी त्या मांडवापासून हाकेच्या अंतरावर. रोज जाताना तिकडे न पाहण्याची मला सवय झाली होती. सकाळी डाव्या बाजूला मान वळवायची नाही, संध्याकाळी उजव्या.

जूनमधल्या एका दुपारी मी जेवणाच्या सुटीत पान खायला म्हणून बाहेर पडलो होतो. लाल ओढणीतली एक प्रौढ बाई पुढे झाली आणि तिने माझ्यासमोर एक कागद धरला. माझ्या शर्टाच्या खिशातले पेन पाहून तिने मला ओळखले असावे, म्हणजे माझी जात नव्हे, माझी कचेरी. तो तोच आदेश होता. मी तिला वाचून दाखवला आणि माझ्या हिंदीत समजावले, की आता तुम्हांला कागद पाहण्याची परवानगी आहे. ती म्हणाली, पाहून मी काय करू? मला अक्षर येत नाही. प्रत मिळाली तर घरी नेऊन कोणाकडून तरी वाचवून घेईन. नुसते पाहायला मिळाले तर मला काळ्या रेघाच दिसणार. तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. शिकलेल्या माणसाला एवढे कसे कळत नाही, याचे तिला थोडे आश्चर्य वाटलेले दिसत होते.

मी तिला काय उत्तर दिले? काही नाही. इकडेतिकडे पाहिले, आमच्या शाखेतले कोणी नाही ना याची खात्री केली, कागद तिच्या हातात परत दिला आणि निघून आलो. माझ्या मनात त्या वेळी १९६४ चे आचरण नियम होते. ते नियम मी नंतर नीट वाचले. एखाद्या बाईला तिच्याच सरकारचा आदेश वाचून दाखवण्यास त्यांत कोठेही मनाई नाही. सर्वोच्च न्यायालयाने तर १९६२ मध्येच सांगून ठेवले आहे, की सरकारी नोकराला संपाचा मूलभूत हक्क नसला, तरी शांततेने आपले म्हणणे प्रदर्शित करण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. मी नियमाला भ्यालो नव्हतो. शाखेतल्या चार माणसांना भ्यालो होतो. सगळे मान वळवत नव्हते, म्हणून मीही वळवत नव्हतो. आजोबांच्या त्या रुपयाची आठवण मला त्याच रात्री झाली असे म्हणणे शोभून दिसेल, पण ते खोटे होईल. ती पुष्कळ वर्षांनी झाली.

त्या धरण्याचा शेवट मोठा चमत्कारिक झाला. त्रेपन्न दिवसांच्या अखेरीस सरकारने जाहीर केले, की पंचायतीच्या कागदांच्या छायाप्रती देण्याची अधिसूचना सहा महिन्यांपूर्वीच राजपत्रात प्रसिद्ध झालेली आहे! वाटाघाटींत ही गोष्ट कोणाच्या तोंडून निघालेली नव्हती. राजपत्र वाचण्याचे काम मी पगार घेऊन करीत होतो. माझ्याही दृष्टीला ती अधिसूचना पडलेली नव्हती. माहितीच्या हक्काची माहितीच गुप्त राहिली, असा हा प्रसंग. आमच्या कचेरीत त्या दिवशी सगळे हसले. मीही हसलो.

पुढचा भाग आपणांस ठाऊक आहे. ह्या चळवळीला कायद्याचा पहिला व्यवस्थित मसुदा मिळाला तो १९९६ मध्ये, भारतीय वृत्तपत्र परिषदेचे अध्यक्ष न्यायमूर्ती पी. बी. सावंत ह्यांच्याकडून; मराठी माणसाचा हा वाटा आपल्याकडे फारसा बोलला जात नाही. राजस्थानचा कायदा २००० मध्ये आला, महाराष्ट्राचा नवा कायदा २००२ मध्ये, आणि केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून अमलात आला. अर्जाला दहा रुपये, उत्तराला तीस दिवस.

एक गोष्ट सांगायची राहिली. शांततेने जमण्याचा हक्क राज्यघटनेत आहे, परंतु जमायचे कोठे? १९७० च्या दशकात अहमदाबादच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते, की पोलीस सभांचे नियमन करू शकतात, पण सार्वजनिक रस्त्यावर सभाच नको असे म्हणू शकत नाहीत. दिल्लीत जंतर मंतरवर धरण्यांना सरसकट बंदी झाली तेव्हा न्यायालयात गेलेली संघटना देवडुंगरीचीच होती, आणि जुलै २०१८ मध्ये तेथे निकाल लागला, की असा पूर्ण मज्जाव चालणार नाही, नियम करून जागा द्यावी. सवाई जयसिंहांनी आपले जंतर मंतर येथे आणि तेथेही बांधले ते ग्रहांचे वेध घेण्यासाठी. लोक तेथे सरकारचा वेध घेतील हे त्यांच्या पंचांगात नसावे.

२००६ पासून काही वर्षे माझ्याकडे कार्यालयाचा जन माहिती अधिकारी हा जादा कार्यभार होता. खरे सांगायचे तर तो कोणाला नको होता, म्हणून माझ्याकडे आला. पहिल्याच महिन्यात हिंदीत, वहीच्या फाडलेल्या पानावर एक अर्ज आला. अर्जदार बाईंच्या मृत पतीच्या निवृत्तिवेतनाचे प्रकरण तीन वर्षे फिरत होते. ते कोणत्या टेबलावर आहे, एवढेच त्यांनी विचारले होते. अर्ज दुसऱ्याच्या हस्ताक्षरात होता, खाली अंगठा. कायद्याप्रमाणे मी उत्तर तयार केले. प्रकरण कोठे आहे, कधीपासून आहे, सारे नमूद केले. स्वाक्षरी करून लिफाफा बंद करण्यापूर्वी मी शाखेतल्या शिपायाला हाक मारली आणि त्या पूर्ण नस्तीची, टिपण्यांसकट, छायाप्रत काढून आणायला सांगितले. अर्जात प्रत मागितलेली नव्हती. अधीक्षक म्हणाले, ‘साहेब, त्यांनी तर फक्त विचारले आहे, कागद कशाला देता?’ मी म्हटले, त्यांना वाचता येत नाही. वाचून दाखवणारा कोणी मिळेल तेव्हा हाताशी कागद असावा.

ती अठरा पाने होती. प्रतीचे पैसे पाठवा असे कळवून पुन्हा पत्रव्यवहार वाढवण्यापेक्षा ते छत्तीस रुपये मीच रोखपालाकडे भरले, आणि पावती नस्तीला लावली.